दर आठवड्याचं फिल्म क्लब स्क्रीनिंग: पिक्चर शेवटी ठरवा, आधी बाकीचं करा

फिल्म क्लब काढायचा म्हटलं की पहिली मीटिंग पिक्चरांच्या यादीवरच संपते. जपानचा कुरोसावा हवा, स्वीडनचा बर्गमन हवा, एखादा इराणी तर हवाच, आणि ती यादी ग्रुपवर पडते, तारखा पण जाहीर होतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळतं की चांगली प्रत मिळत नाहीये, मिळाली तर सबटायटल नाहीत, सबटायटल आहेत तर मागच्या रांगेतून वाचता येत नाहीत, आणि परवानगीचं तर कुणी विचारलेलंच नाही. पुढच्या आठवड्यात लोक निम्मे येतात आणि आपण म्हणतो लोकांना जागतिक सिनेमात रस नाही. लोकांना रस असतो हो, पण डोळे ताणून दोन तास बसायची तयारी नसते, आणि ती का असावी?

म्हणून क्रम असा ठेवा: जागा, पडदा, आवाज, मग हक्क, मग प्रत आणि सबटायटल, मग यादी, मग चाचणी, मग प्रयोग. दर आठवड्याचा कार्यक्रम असेल तर अजून एक गोष्ट पहिल्यापासून पाळा. कुठल्याही दिवशी चार पिक्चर चार वेगवेगळ्या टप्प्यांवर असले पाहिजेत: या आठवड्याचा दाखवायला तयार, पुढच्याची चाचणी झालेली, तिसऱ्याची प्रत हातात, चौथ्याची लेखी परवानगी आलेली. ही साखळी तुटली की मग दर आठवड्याला धावपळ, आणि धावपळीत पहिला बळी चाचणीचा जातो.

१. जागा आणि अंधार

जागा बघायला जाल तेव्हा स्क्रीनिंगच्याच वेळेला जा, कारण दुपारी बघितलेली खोली संध्याकाळी वेगळीच असते, पश्चिमेची खिडकी असेल तर पहिला अर्धा तास पडद्यावर काहीच दिसणार नाही. दिवे बंद करून पाच मिनिटं आत बसा. दाराच्या फटी, एक्झिटचा दिवा, एसीचा डिस्प्ले, बाहेरचा पथदिवा, सगळं तेव्हाच दिसतं. काळ्यापांढऱ्या पिक्चरला हे जास्त लागतं, कारण तिथे सगळा खेळ करड्या छटांचा असतो आणि थोडासा उजेड आत आला तरी काळा रंग राखाडी होतो. एक्झिटचा दिवा मात्र झाकायचा नाही, कितीही त्रास झाला तरी.

खुर्च्या एकामागे एक न लावता अर्धी खुर्ची सरकवून लावा. मधली वाट आणि दारापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवा, वायरी जमिनीला टेपने चिकटवा.

*तपासा:* पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर आहे का? बसलेल्या माणसाचं डोकं तेवढ्यापर्यंत येतं आणि सबटायटल नेमके खाली असतात. पडदा खाली लावला की पहिल्या दोन रांगा सोडून बाकी सगळे मान वाकडी करून वाचत बसतात.

२. पडदा आणि प्रोजेक्टर

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, त्याच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असतो. रेशो १.५ असेल आणि चित्र ३ मीटर रुंद हवं असेल तर लेन्स पडद्यापासून ४.५ मीटरवर. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर समोर, सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोन नावाच्या सेटिंगने चित्र चौकोनी करता येतं खरं, पण तो प्रोजेक्टर आतल्या आत चित्र कापून-दाबून बसवतो आणि बारीक तपशील जातात. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय) असेल तर ते वापरा, नसेल तर टेबलाची उंची बदला.

उजेडाचं गणित लोक उलटं करतात. सिनेमागृहात डिजिटल प्रोजेक्शनचं प्रमाण ४८ निट्स आहे, निट्स म्हणजे पडद्यावरच्या तेजाचं माप. ३ मीटर रुंद १६:९ चित्राला साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढं तेज मिळायला साधारण ७६० ल्युमेन (प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचं माप) पुरतात, तेही खोली खरंच अंधारी असेल तर. पण खोक्यावर लिहिलेला आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो बराच खाली येतो, म्हणून दोन-अडीच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्या आणि सिनेमा मोडवरच चालवा. भडक मोडमध्ये काळापांढरा पिक्चर निळसर दिसतो.

सेटिंगमध्ये एवढं एकदा करून टाका आणि कागदावर लिहून प्रोजेक्टरला चिकटवा:

- पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर, रंगाचं तापमान ६५०० केल्विन किंवा 'वॉर्म'.
- मोशन स्मूदिंग पूर्ण बंद. ही सोय मधे मधे आपली जादा चित्रं घालते, ती चालू राहिली की सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. टीव्हीवर दाखवत असाल तर हे हमखास चालूच असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं म्हणून मेनू नीट शोधा.
- ओव्हरस्कॅन बंद, नाहीतर चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जातात.
- एचडीएमआयची लेव्हल, म्हणजे काळा ते पांढरा ही आकड्यांची मर्यादा, लॅपटॉपवर आणि प्रोजेक्टरवर सारखी. एकीकडे फुल (०–२५५) आणि दुसरीकडे लिमिटेड (१६–२३५) झालं की एकतर काळा राखाडी होतो नाहीतर सावलीतलं सगळं गायब होतं.

*सावधान:* साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे दगा देते, चित्र मधेच जातं-येतं. लांब न्यायची असेल तर अॅक्टिव्ह किंवा ऑप्टिकल केबल घ्या, आणि तिला दिशा असते, कुठलं टोक लॅपटॉपचं ते बघून मगच भिंतीवरून ओढा.

३. आवाज

स्पीकर पडद्याजवळ, डोक्यांच्या वर. मागे ठेवले तर माणूस समोर बोलतो आणि आवाज पाठीमागून येतो. ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ओठ जुळत नाहीत, वायरच वापरा.

सगळ्यात जास्त तक्रार असते 'संवाद ऐकू येत नाहीत, संगीत मात्र कानठळ्या बसवतं'. त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की प्रत ५.१ ची, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलच्या आवाजाची आहे, संवाद मधल्या चॅनलमध्ये आहेत आणि तुमच्याकडे स्पीकर दोनच. प्लेअरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स निवडा, म्हणजे सगळे चॅनल दोन स्पीकरांत मिसळतात. जुन्या मोनो पिक्चरला सराउंडचे इफेक्ट बंद करा आणि ट्रेबल वाढवू नका, संवाद स्पष्ट होत नाहीत, फक्त खरखर वाढते. रिकाम्या खोलीत आवाज लावताना तो किंचित जास्त ठेवा कारण माणसं भरली की ती आवाज शोषून घेतात.

४. हक्क: लेखी, आणि जाहिरातीच्या आधी

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. स्वतःची डिस्क आहे किंवा ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणजे दहा-पन्नास लोकांना दाखवता येतं असं नाही, तो हक्क घरात बघण्यापुरता असतो. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा, आणि बहुतेक देशांत तिकीट नसलं तरी तो लागतोच. "आम्ही यातून काही कमवत नाही" हे कारण चालत नाही.

'जुना आहे म्हणजे मोकळा' हेही तपासल्याशिवाय धरू नका. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) सिनेमासाठी किमान ५० वर्षं आहेत, भारतात ती ६०, अमेरिकेत जुन्या पिक्चरांना ९५ पर्यंत. त्यामुळे एकच पिक्चर एका देशात मोकळा आणि दुसऱ्यात बंद असू शकतो. आणि मूळ पिक्चर मोकळा असला तरी नवीन बसवलेलं संगीत, नवीन सबटायटल यांचे हक्क वेगळे असतात, मूकपट दाखवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा.

विचारायचं कुणाला? आधी तुमच्या देशातला वितरक, तो सापडला नाही तर ज्यांनी पिक्चर रिस्टोअर, म्हणजे जुन्या प्रतींवरून दुरुस्त केलाय ती संस्था किंवा मूळ देशातलं फिल्म आर्काइव्ह. दूतावासांचे सांस्कृतिक विभाग आणि जर्मनीच्या ग्योथे इन्स्टिट्यूटसारख्या सांस्कृतिक संस्था अशा बिगरव्यावसायिक खेळांसाठी पिक्चर देतात, नव्या क्लबने सुरुवात तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे हक्क, प्रत आणि सबटायटल तिन्ही एका पत्रात सुटू शकतं.

पत्रात गोलगोल लिहू नका. तारीख, जागा, खुर्च्या किती, प्रवेश मोफत की शुल्क की सभासदांनाच, एकच खेळ की दोन, प्रत तुमच्याकडे आहे की त्यांच्याकडून हवी, कुठल्या भाषेचे सबटायटल, हे सगळं पहिल्याच पत्रात. शुल्क घेणार असाल तर ठरावीक रक्कम की जमलेल्या पैशातला वाटा हेही आधीच विचारा.

*सावधान:* लेखी होकार येईपर्यंत पोस्टर नाही, ग्रुपवर नाव नाही, 'बहुतेक हा दाखवू' सुद्धा नाही.

५. प्रत: कुठला पिक्चर यापेक्षा कुठली आवृत्ती

क्लासिक पिक्चरांच्या एकाच नावाखाली तीन-चार आवृत्त्या फिरत असतात. १९२७ चा 'मेट्रोपोलिस' घ्या, २०१० च्या रिस्टोरेशनमध्ये ब्यूनस आयर्सला सापडलेल्या प्रतीतले भाग जोडलेत आणि तो अडीच तासांच्या आसपास जातो, त्याच्या आधीच्या प्रती बऱ्याच छोट्या आहेत. दीड तासाची फाइल मिळाली म्हणून खूश होऊ नका. आधी पिक्चरची खरी लांबी शोधा आणि हातातल्या प्रतीशी ताडून बघा.

यात एक फसवी गोष्ट आहे. २५ फ्रेमवाल्या पाल (युरोप-भारतातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर २४ फ्रेमचा पिक्चर ४ टक्के जोरात पळतो, म्हणजे १०० मिनिटांचा ९६ मध्ये संपतो. तेव्हा चार मिनिटं कमी दिसली की लगेच कापलाय असं समजू नका, आणि वीस मिनिटं कमी असतील तर मात्र बहुधा कापलाय असंच समजा.

मग चौकट, म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. मूकपट साधारण १.३३:१, त्यानंतरचे जुने बोलपट १.३७:१, युरोपातले बरेच १.६६:१, अमेरिकी वाइडस्क्रीन १.८५:१ आणि स्कोप, म्हणजे सगळ्यात रुंद चित्राचे, २.३५ ते २.३९:१. तुमचा प्रोजेक्टर १६:९, म्हणजे १.७८. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक क्लासिकला बाजूला किंवा वरखाली काळ्या पट्ट्या येणारच आणि त्या यायलाच हव्यात. 'पडदा भरत नाहीये' म्हणून कुणीतरी रिमोट उचलतो, चित्र ताणतो आणि पडद्यावरचे सगळे चेहरे जाडे होतात, नाहीतर झूम करतो आणि कपाळं कापली जातात. दिग्दर्शकाने ती चौकट मोजून मापून लावलेली असते, तिला हात लावायचा नाही. पट्ट्या खुपत असतील तर काळं कापड बाजूने सरकवून लावा. ३ मीटरच्या पडद्यावर १.३७ चा पिक्चर साधारण २.३ मीटर रुंद येतो, तेवढं मोजून कापडाच्या खुणा एकदाच करून ठेवा, फरक बघा काय पडतो ते.

*तपासा:* पिक्चरमध्ये एखादं गोल चाक, घड्याळ, बशी शोधा आणि थांबवून मोजपट्टी लावा. उंची-रुंदी सारखी नसेल तर चौकट चुकलीये.

मूकपटांचा वेग हा वेगळा विषय आहे. ते बऱ्याचदा २४ पेक्षा कमी फ्रेमवर, हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याने घेतलेले असतात आणि जुन्या प्रती २४ वर चालवल्यामुळे माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. तशी प्रत असेल तर दुसरी शोधा. लोकांना वाटतं मूकपट असेच असतात, आणि तो गैरसमज आपण दाखवून पक्का करायला नको.

फाइल मिळाली तर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा, पेनड्राइव्हवरून चालवू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जातच नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. डिस्क असेल तर रीजन कोड बघा, म्हणजे ती कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालते ते. खऱ्या थिएटरात डीसीपी (थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठी बनवलेली प्रत) लावणार असाल तर ती लॉक असू शकते, किल्ली म्हणजे केडीएम ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते, म्हणून किल्ली मागतानाच चाचणीची वेळ पण त्यात धरून मागा.

६. सबटायटल

जागतिक सिनेमाचा क्लब सबटायटलवर उभा असतो, इथे अर्धा तास जास्त द्या.

फाइल वेगळी असेल तर तीन ठिकाणी जुळवणी बघा: पाचव्या मिनिटाला, मध्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत. तिन्हीकडे सारखाच उशीर असेल तर सोपं आहे, व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी मागेपुढे करता येतं. सुरुवातीला जुळतंय आणि हळूहळू फरक वाढत जातोय, शेवटी मिनिटांमध्ये गेलाय, तर फ्रेमरेट वेगळा आहे, ती फाइल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली असणार. सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेमरेट बदलून मिळतो. आणि मध्यापर्यंत सगळं ठीक आणि मग एकदम उडी, तर सबटायटल दुसऱ्याच आवृत्तीचे आहेत. ते ओढूनताणून बसवण्यापेक्षा योग्य फाइल शोधा.

मराठी किंवा हिंदी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली हवी, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. काही टीव्ही आणि मीडिया प्लेअर जोडाक्षरं मोडून दाखवतात, तिथे सबटायटल चित्रातच छापून घेणं हाच उपाय. स्वतः अनुवाद करणार असाल तर फार छान, पण त्याची परवानगी पण हक्काच्या पत्रातच मागा, तो वेगळा हक्क आहे.

पांढऱ्या अक्षरांना काळी कडा हवीच. बर्फ, वाळू, पांढरे कपडे असलेला सीन शोधून तिथे वाचून बघा. स्कोप पिक्चरमध्ये सबटायटल कधी कधी खालच्या काळ्या पट्टीत असतात आणि आपण त्याच पट्टीवर कापड टाकलेलं असतं, हेही बघा.

*तपासा:* अनुवादाचा दर्जा. ती भाषा येणारं कुणी मिळालं तर उत्तम, नाहीतर निदान दहा मिनिटं सलग वाचा. वाक्यं अर्थहीन वाटली तर ती बहुतेक मशीनने केलेली आहेत, प्रेक्षक त्यालाच कंटाळतात आणि पिक्चरला नावं ठेवतात.

७. आता यादी

आता यादी करा, आणि बघा ती आधीच्यापेक्षा छोटी आणि खरी होते. चार-चार आठवड्यांचे गट करा: एक दिग्दर्शक, एक देश, एक छायालेखक, किंवा एकच विषय चार देशांत. चारही जड पिक्चर ओळीने लावू नका. पहिला आठवडा दोन तासांच्या आतला, कारण नवीन माणूस पहिल्याच दिवशी साडेतीन तास बसला तर परत येत नाही.

वेळेचं गणित पिक्चरच्या लांबीवर करू नका. पाच मिनिटं ओळख, पिक्चर, दहा मिनिटं थांबणं-उठणं, तीस मिनिटं चर्चा, पंधरा मिनिटं आवराआवर. ११० मिनिटांच्या पिक्चरला जागा जवळजवळ तीन तास लागते, आधीच्या तयारीचा दीड तास वेगळा.

जाहिरातीत एवढंच पण सगळं: मूळ नाव, देश, वर्ष, लांबी, भाषा, सबटायटलची भाषा, सुरू व्हायची वेळ, हिंसा वगैरे काही असेल तर एक ओळ. गोष्ट सांगू नका.

८. चाचणी: पूर्ण पिक्चर, त्याच खोलीत, त्याच यंत्रावर

घरी लॅपटॉपवर बघितलं म्हणजे चाचणी झाली नाही. निदान चार दिवस आधी, त्याच जागी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. पूर्ण बसणं शक्यच नसेल तर पहिली आणि शेवटची दहा मिनिटं आणि मधे दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं, पण हा तडजोडीचा मार्ग आहे, फाइल मधेच कुठे खराब असेल तर ती यात सुटू शकते. मागच्या रांगेत कोपऱ्यात बसून सबटायटल वाचा.

चाचणीतच पिक्चरच्या खोडी कळतात. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) काळ्या पडद्यावर नुसत्या संगीताने सुरू होतो, ज्याला माहीत नाही तो घाबरून केबल काढतो. 'सेव्हन समुराई' (१९५४) साधारण २०७ मिनिटांचा आहे आणि त्यात मध्यंतर पिक्चरमध्येच दिलंय, तुम्ही भलतीकडे थांबवू नका. असलं काही सापडलं की मिनिट-सेकंदासकट लिहा. चर्चेत परत दाखवण्यासारखे दोन-तीन सीन पण वेळेसकट याच कागदावर.

लॅपटॉपवर: स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, अपडेट पुढे ढकललेले, चार्जर लावलेला. दुसरा लॅपटॉप दुसऱ्या प्रतीसह तयार, पण त्या दुसऱ्या प्रतीची परवानगी करारात बसते ना ते बघून. आणि पिक्चर चाललाच नाही तर दाखवायला एक हक्कमुक्त छोटा कार्यक्रम कायम हाताशी ठेवा.

९. प्रयोगाचा दिवस

क्रम मोडू नका:

1. दीड तास आधी पोचा. आधी वायरी, मग खुर्च्या. उलटं केलंत तर खुर्च्या दोनदा हलवाल.
2. प्रोजेक्टर वीस मिनिटं तापू द्या, मग फोकस. फोकस सबटायटलच्या अक्षरांवर करा, चेहऱ्यावर नको, जुन्या पिक्चरचा चेहरा मुळातच मऊ असू शकतो.
3. एक संवादाचा आणि एक मोठ्या आवाजाचा सीन लावून आवाज ठरवा.
4. पहिल्या फ्रेमवर पॉज करून पडदा काळा ठेवा. लोक आत येताना डेस्कटॉप दिसता कामा नये.
5. ओळख पाच मिनिटं, शेवट न सांगता. काय बघाल यापेक्षा काय शोधाल ते सांगा, म्हणजे 'कॅमेरा किती खाली ठेवलाय बघा' असं.
6. दिवे घालवायला एक माणूस, यंत्रापाशी एक, दाराशी एक. यंत्राजवळच्याने उठायचं नाही.

काही बिघडलं तर लगेच दिवे लावा, थांबवा, सांगा, दुरुस्त करा, अर्धं मिनिट मागे जाऊन सुरू करा. अंधारात धडपडत 'होईल आत्ता' करत राहिलात तर सीन हातातून जातो.

श्रेयनामावली पूर्ण चालू द्या आणि दिवे हळूहळू वाढवा. पिक्चर संपल्या संपल्या ट्यूबलाइट भक्कन लावली की सगळं मोडतं.

१०. चर्चा

दोन-तीन मिनिटं कुणीच बोलू नये, ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या. 'आवडला का?' असं विचारलं की हो-नाही येतं आणि विषय संपतो. 'कुठला शॉट डोक्यात राहिला?' असं विचारा, यात कुणी अडाणी ठरत नाही, पहिल्यांदा आलेला माणूस पण बोलतो. प्रत्येकाचं एकदा झाल्याशिवाय कुणाचं दुसऱ्यांदा नाही, हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, जास्त वाचलेल्यांना आधी सांगा. वाद अडकला तर लिहून ठेवलेला सीन परत लावा, दोन मिनिटांत चर्चा मतांवरून पडद्यावर येते. तीस मिनिटांनी थांबवा, रंगलेली असली तरी, ज्यांना पुढे बोलायचंय ते बाहेर बोलतातच.

११. त्याच रात्री

लॅम्पचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका. वहीत नोंद करा: किती लोक, सुरू किती वाजता, आवाजाचा आकडा, काय अडलं. हक्कदाराला संख्या कळवायची असेल तर दुसऱ्या दिवशीच कळवा, फाइल करारात पुसायची असेल तर पुसा आणि पुसल्याचं लिहून कळवा, पुढच्या वेळी ते लोक लवकर होकार देतात. मग साखळीतला पुढचा पिक्चर उघडून बघा, त्याची चाचणीची तारीख आणि खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे ग्रुपवर टाका.